पोच न घेता ठेवलेले शब्द

मी आयुष्यात भाव न करता काही घेतलेलं नाही. स्वतःच्या लग्नाचे कपडे घेताना दुकानदाराशी इतका वाद घातला होता, की सासरे चप्पल घालून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मला त्याची लाज वाटत नाही. वडील लवकर गेले, शाळा सुटली आणि मी शेळ्यांच्या बाजारात एका दलालाच्या हाताखाली लागलो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती उभ्या असलेल्यांना कळत नाही, पण ज्याचा हात धरलाय त्याला सगळं कळतं. समोरच्याची बोटं ओली झाली की समजायचं, हा अजून उतरणार.

असा मी माणूस. तरी एक सौदा बिनभावाचा केला, कारण समोरच्यानं किंमतच सांगितली नाही. फुकट म्हणाला. फुकटाचा भाव कसा करायचा, हे बाजारानं मला शिकवलं नव्हतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, दाखले. आधी लग्नपत्रिका आणि जाहिरातीही करायचो. त्यासाठी मराठी टायपिंगचं जे सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्याला संगणकाच्या मागे खोचायचं एक बोटभर कुलूप असायचं. एका उन्हाळ्यात ते कुलूप जळलं. मी माझ्या हातानं टाईप केलेली पाच-सहा वर्षांची कामं मलाच उघडता येईनात. विकणारा म्हणाला, नवीन घ्या, पूर्ण किमतीला. मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या दिवशी ठरवलं की आपल्या कामाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवायची नाही.

म्हणून ताईंनी जेव्हा मला मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा मला ते पटवावं लागलं नाही. ताई म्हणजे सोनारी गावची लेक आणि वाशीची सून. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्राम लिहितात. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण मी त्यांना अहो-जाहोच करतो, कारण भांडणात त्या मला हार जात नाहीत. प्रोग्रामच्या आतलं सगळं उघडं ठेवायचं, ज्याला हवं त्यानं वाचावं, बदलावं, पुढं वाटावं, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "म्हणजे कुलूपच नाही?" त्या म्हणाल्या, "कुलूप नाही दादा. उलट कुणी लावू नये म्हणून परवान्याचा कागद असतो."

आम्ही दोघांनी मिळून एक प्रोग्राम केला. आमच्या भागात जमिनीचे जुने कागद निघतात ते निजामाच्या वेळचे. खासरा पत्रक, पाहणी, सेतवार. मराठीत उतरवलेली नक्कल मिळाली तरी शब्द फारसी-उर्दू. रकबा, खुश्की, काबिज, शिकमी. लोक कागद घेऊन दुकानात यायचे आणि विचारायचे, ह्याचा अर्थ काय. मला येत नव्हता. वकिलाला अर्धा येत होता. तर शब्द टाकला की अर्थ निघावा, आणि त्याखाली सविस्तर खुलासा, असा तो प्रोग्राम. प्रोग्राम ताईंनी लिहिला. शब्द मी गोळा केले.

शब्दांपैकी निम्म्याहून जास्त मुन्शीजींचे. लोहाऱ्याच्या तहसीलसमोर त्यांनी उभी हयात अर्ज लिहिण्यात घालवली. वय नव्वदीकडं झुकलेलं. लहानपणी उर्दू शाळेत बसलेले, पुढं एका जुन्या अर्जनविसाच्या शेजारी बसून कागद वाचायला शिकलेले. मी सकाळी दुकान झाडून फोन लावायचो. डाव्या खांद्याला मान तिरपी करून फोन धरायचा आणि दोन्ही हातांनी टाईप करत राहायचं. ते सांगायचे, मध्ये खोकायचे, मध्ये शिव्या द्यायचे.

"शिकम म्हंजी पोट. शिकमी म्हंजी पोटातला. आता पोटात दोन चिजा असत्यात. एक लेकरू आणि एक जंत. कळलं का?"

"नाही कळलं."

"शिकमीदार म्हंजी जमिनीचा भागीदार. पट्टा एकाच्या नावावर, पर हा पहिल्यापून बरोबरीचा मालक. ते लेकरू. आणि असामी शिकमी म्हंजी कसणारा कूळ. कुळाला जंत म्या न्हाय म्हणत, त्यो पट्टेदार म्हणायचा."

मी हसत हसत सगळं टाईप केलं. मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. लोहाऱ्याकडच्या काही गावांत एक पटवारी होता, तो आळशी. पूर्ण शब्द लिहायचा नाही. शेऱ्यात नुसतं 'शिकमी' लिहायचा आणि नावाखाली एक खूण करायचा. भागीदार असेल तर एक, कूळ असेल तर दुसरी. एक खूण टिंबाची, एक तिरप्या रेघेची. हे पुस्तकात नाही, कोर्टात नाही, कुठंच नाही. मुन्शीजींच्या डोक्यात होतं आणि त्या दिवसापासून आमच्या प्रोग्रामच्या चर्चेच्या पानावर होतं. मी दुसऱ्या शब्दाला लागलो.

आता हे सगळं ठेवलं कुठं, तेच दुखणं आहे.

प्रोग्राम ठेवायला जगभर जी मोठी जागा वापरतात, तिथं आम्ही तो ठेवला. परदेशातली कंपनी. जागा फुकट, प्रत्येक शब्दावर चर्चेला पान फुकट, कितीही माणसं जोडा. सविस्तर खुलासे आम्ही त्या चर्चेच्या पानांवरच लिहायचो. ताई सुरुवातीला कुरकुरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, आपला प्रोग्राम उघडा आहे, पण ती जागा बंद आहे. तिचं आतलं यंत्र कसं चालतं ते आपल्याला दिसत नाही. प्रोग्रामची नक्कल आपल्या संगणकावर राहते, पण चर्चा तिथंच राहते. त्यापेक्षा थोडं भाडं देऊन स्वतःची जागा घेऊ."

मी म्हणालो, "फुकट मिळतंय तिथं भाडं कोण भरतं? सगळी दुनिया तिथंच आहे ना?"

"दुनिया आहे म्हणूनच."

"ताई, तुम्ही पुण्याच्या पगारावर बोलताय."

त्यांनी विषय सोडला. त्यांनाही कंटाळा असणार, कारण स्वतःची जागा सांभाळायचं काम त्यांच्याच अंगावर पडलं असतं. पण बोललो मी. ते वाक्य अजून मला रोज ऐकू येतं.

दुसरी चूक तर पूर्ण माझी, आणि ती फक्त दुकानवालाच करू शकतो. फॉर्म भरायला येणाऱ्या निम्म्या लोकांकडं स्वतःचा ईमेल नसतो. मोबाइल असतो, पण नंबर बदललेला, नाहीतर पोराकडं लातूरला. मग आम्ही दुकानवाले काय करतो? मेल आपणच काढून देतो, नंबर आपला टाकतो, पासवर्ड सगळ्यांचा एकच ठेवतो. म्हातारा परत आला की शोधत बसायला नको. गेली कित्येक वर्षं अशी कामं चालतात आणि कुणाचं अडत नाही. मी तिथंही तेच केलं. मला वाटायचं, ज्याचा शब्द त्याच्या नावानं दिसावा. निवृत्त तलाठी, दोन शिक्षक, एक मुद्रांकवाला, मुन्शीजी, अशी चाळीसेक माणसं. सगळ्यांची खाती मी दुकानातल्या एकाच संगणकावर उघडली. मुन्शीजींचा खुलासा मुन्शीजींच्या खात्यातून, तलाठ्याचा तलाठ्याच्या. मी दिवसभर या नावातून त्या नावात जा-ये करायचो. मनात खोट नव्हती. उलट वाटायचं, मी किती प्रामाणिक, कुणाचं श्रेय लाटत नाही.

कंपनीच्या यंत्राला तिकडं काय दिसलं असेल? एका नंबरावर चाळीस खोटी माणसं, आपसात गप्पा मारतायत.

एका सकाळी माझं खातं उघडेना. इंग्रजीत एक ओळ, की नियमभंगामुळं खातं बंद केलंय. मुन्शीजींचं बंद. तलाठ्याचं बंद. सगळी चाळीस बंद. प्रोग्राम माझ्या खात्यावर होता, म्हणून त्याचं पानही गेलं. तिथं आता लिहून येत होतं की असं काही पान नाही. नाही म्हणजे कधी नव्हतंच, असा सूर.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रोग्राम आहे माझ्याकडं, काळजी नको. एका ओळीचे अर्थही आहेत, ते प्रोग्रामच्या आतच आहेत. खुलासे गेले."

"परत आणा."

"कुठून आणू? चर्चेचे मेल येत असतील ना तुम्हाला? त्यात मजकूर असतो."

ते मेल मी बंद करून टाकले होते. गिऱ्हाईक समोर असताना मोबाइल सारखा वाजायचा. ताईंकडं ज्या शब्दांवर त्या स्वतः बोलल्या होत्या, तेवढे शंभरेक निघाले. जुन्या पानांच्या नकला साठवणारं एक ठिकाण असतं, तिथंही त्यांनी शोधलं. आमचं पहिलं पान सापडलं, आतलं एकही नाही.

दोन दिवसांनी लोहाऱ्याकडून एका निवृत्त एसटी कंडक्टरचा फोन आला. त्यांची-माझी ओळख नव्हती. नंबर त्यांना आमच्या पानावरून मिळाला होता.

"साहेब, तुमचं ते शिकमीचं पान उघडंना झालंय."

मी म्हणालो, बंद पडलंय.

"कधी चालू हुईल? तारीख हाय माझी तहसीलला. आज्याच्या नावाखाली खूण हाय, कागद समोरच घिऊन बसलोय. पलीकडची पार्टी म्हणतीय, तुमचा आज्जा नुसता कूळ व्हता, भागीदार न्हाय. तुमच्या पानावर वाचलं व्हतं, एक खूण भागीदाराची, एक कुळाची. कुठली कुणाची तेवढं सांगा."

"तुमच्या कागदावर कुठली आहे?"

"टिंब."

मी स्वतः टाईप केलेलं होतं ते. माझ्या या बोटांनी. बाजारात वीस वर्षांपूर्वीच्या शेळीचा भाव मला आजही सांगता येतो, पण टिंब भागीदाराचं की कुळाचं, हे आठवेना. लिहून ठेवलंय म्हणून डोक्यात ठेवलंच नव्हतं.

"तुम्ही वाचलं होतं ना? तुम्हाला आठवतं का?"

"दोन खुणा व्हत्या एवढं आठवतंय. म्हणलं कुठं जातंय, हितंच हाय की. तिकिटाच्या मशिनीवर जन्म गेला साहेब, पर कागुद काढून घ्यायचं सुचलं न्हाय बघा."

मग मी कंपनीशी भांडायला बसलो. भांडायला म्हणजे काय, त्यांच्या पानावर एक चौकट असते, तिच्यात लिहायचं. फोन नंबर नाही. पत्ता आहे, पण तिथं जाऊन ओरडायला पासपोर्ट लागतो. पहिलं पत्र ताईंनी नीट इंग्रजीत लिहिलं. ही खरी माणसं आहेत, यांच्याकडं ईमेल नव्हते, दुकानदारानं अज्ञानानं असं केलं. उत्तर आलं: आम्ही आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार केला, निर्णय कायम आहे. दुसऱ्या पत्राला अक्षरन् अक्षर तेच उत्तर. तिसऱ्यात मी भाव उतरवला. खाती बंदच ठेवा, आम्हाला तुमची जागा नको, फक्त आमचा मजकूर एकदा उतरवून घेऊ द्या. तेच उत्तर. चौथ्यात म्हणालो, त्याचे पैसे घ्या, तुम्ही सांगाल तितके. मी, असं म्हणालो! समोरच्याला आकडा सांगायची मुभा मी उभ्या जन्मात कुणाला दिली नव्हती. त्यावर आलं की ही विनंती बंद करण्यात आली आहे.

उपरण्याखाली हात घातला आणि पलीकडं हातच नाही, असं झालं. रागीट माणसाला समोर कुणीतरी लागतं. दुकानात मी प्रिंटरला लाथ मारली, गिऱ्हाइकावर ओरडलो, आणि संध्याकाळी ताईंवर घसरलो.

"तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही अडवलं का नाही?"

"अडवलं होतं. तुम्ही पुण्याच्या पगाराचं काढलंत."

"म्हणून गप्प बसायचं? एरवी तर ऐकत नाही माझं."

"दादा, चाळीस खाती मी उघडली नव्हती. तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटायचं, काय हुशार म्हातारे आहेत धाराशिव जिल्ह्यात, सगळे सकाळी साडेनऊलाच ऑनलाइन येतात."

हे त्या हसवायला बोलल्या. मी फोन ठेवून दिला. आठ दिवस बोललो नाही. दरम्यान त्यांनी कुणाला न विचारता छोटीशी जागा भाड्यानं घेतली आणि प्रोग्राम तिथं ठेवला, शब्दांखालचे खुलासे रिकामे. मेल पाठवला, त्यात एकच ओळ: दादा, आता मुन्शीजींकडं तुम्हीच जायचं आहे.

फोन करायची हिंमत नव्हती म्हणून गेलो. वाशीहून धाराशिव, तिथून लोहाऱ्याची गाडी. कंडक्टरांना मी येतोय म्हणून कळवलं होतं; ते स्टँडवर कागदाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभे होते. तारीख परवावर आली होती.

मुन्शीजी ओसरीत खाटेवर बसले होते. मी त्यांना यापूर्वी दोनदाच पाहिलं होतं. आवाज फोनवर मोठा वाटायचा, माणूस अगदीच थोडा उरला होता. मी सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "पोच कुठंय?"

"कसली पोच?"

"तू माझे शब्द त्यांच्याकडं दाखल केलेस. दुसऱ्या परतीवर शिक्का घेतलास का न्हाय? आरं, चार ओळीचा अर्ज द्यायचा म्हणलं तरी म्या माणसाला सांगायचो, दोन परती कर, एकीवर शिक्का घे, मगच खिडकी सोड. तुझी कंपनी तहसीलदारापरीस मोठी हाय का?"

"ते फुकट ठेवून घेत होते मुन्शीजी."

"मग तर चार परती करायच्या व्हत्या. फुकट ठिवून घेणारा एक तर पीर असतो, न्हायतर सावकार. पीर एवढं इंग्रजी बोलत न्हाय."

कंडक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी झेरॉक्स मुन्शीजींपुढं धरली. त्यांनी भिंग घेतलं, कागद उन्हाकडं नेला, आज्याचं नाव वाचलं, गाव वाचलं, पटवाऱ्याचं अक्षर ओळखलं.

"त्याचंच हाय. आळशाचा बाप."

"टिंब आहे खाली. टिंब भागीदाराचं ना?"

मी असं विचारायला नको होतं. विचारणाऱ्यानं उत्तर सुचवू नये, हे अर्जनविसाला कळतं, मलाही कळायला हवं होतं. ते म्हणाले, "व्हय, भागीदाराचं." कंडक्टरांनी हात जोडले. मग मुन्शीजींनी भिंग खाली ठेवलं.

"थांब. रेघ भागीदाराची. रेघ म्हंजी वाटणी. टिंब कुळाचं."

"फोनवर तुम्ही काय सांगितलं होतं?"

"फोनवर म्या काय सांगितलं ते तुला ठावं. तू लिवून घेत व्हतास."

आतून कुणीतरी चहा आणून ठेवला, तो निवला. मुन्शीजी परत परत कागदाकडं बघत होते. एकदा म्हणाले टिंब, एकदा म्हणाले रेघ. मग त्यांना माझा राग आला आणि तो मी समजू शकतो. "त्या दिशी डोकं साफ व्हतं माझं," ते म्हणाले, "बराबर सांगितलं असंल."

कंडक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "मुन्शीजी, तुमच्या सहीनं टिंब भागीदाराचं एवढं लिवून द्या. तुमचा शब्द मानत्यात तिथं."

"म्हणून तर न्हाय द्यायचा. खात्रीबगर एक अक्षर लिवलं न्हाय म्या. तुझ्या आज्याचं बी न्हाय लिवणार."

कंडक्टर उठले. पिशवीत कागद नीट घातला, मुन्शीजींच्या पाया पडले आणि गेले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला माझ्याकडं उत्तर असतं. पुढं सुनावणीत प्रकरण पुराव्यासाठी लांबलं, एवढं मला कळलं. ते अजून फोन करतात. फक्त विचारतात, "आठवलं का साहेब?"

मी त्या दिवशी लोहाऱ्यात मुक्काम केला आणि रकबापासून पुन्हा सुरुवात केली. आता फोन नाही. दर पंधरा दिवसांनी गाडीनं जातो. कार्बन लावून दोन प्रतींत लिहितो, मुन्शीजी दोन्हींवर सही करतात, एक त्यांच्या पत्र्याच्या पेटीत राहते. ताई त्याच संध्याकाळी मजकूर नव्या जागेवर चढवतात आणि मला नक्कल पाठवतात. भाड्याचा अर्धा वाटा मी देतो. त्यावर घासाघीस केली नाही. ताईंनी चिडवून पाहिलं, तरी केली नाही.

पूर्वी सकाळी दहा शब्द व्हायचे, आता दोन होतात. काही शब्दांवर ते नकारार्थी मान हलवतात आणि 'पुढचा शब्द विचार' म्हणतात. शिकमीचा खुलासा पुन्हा लिहून झालाय, पोट, लेकरू, जंत, सगळं. खाली आम्ही लिहिलंय: काही गावांत टिंब आणि तिरपी रेघ अशा खुणा आढळतात, कोणती कशाची ते निश्चित नाही. ते वाक्य मीच टाईप केलं. निश्चित होतं. निश्चित लिहिलेलं होतं, आणि माझी खात्री आहे की त्या कंपनीच्या कुठल्यातरी यंत्रात ते अजून तसंच पडलेलं आहे, पुसलेलंही नसेल.

दर सोमवारी दुकान उघडलं की मी त्यांच्या चौकटीत पत्र लिहितो. आता चार ओळींचंच असतं. सगळा मजकूर ठेवून घ्या, एक शब्द द्या. पाठवण्याआधी त्याची प्रत काढतो, तारीख घालतो आणि फाइलीला लावतो.